चाळीसचा काटा

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी,

सुनेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

एकाच घरात राहून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फ्रीजवर चिठ्ठी लावली असती, तर तुम्ही तिच्या पाठकोऱ्या बाजूवर किलोमीटरचा हिशेब मांडला असता. म्हणून सरळ छापायलाच पाठवलं. शिवाय नवी गाडी आलेल्या बऱ्याच घरांत पुढच्या सीटवर एक ‘बाबा’ बसलेले असतात, असं ऐकते. त्यांनाही हे लागू.

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला आपण कुरुदहून निघालो. (धमतरीकडचं कुरुद नव्हे, भिलाईचं. नागपूरच्या मंडळींना हे दर पत्रिकेला सांगावं लागतं.) माझ्या मामेबहिणीचं लग्न, मुहूर्त 11 वाजून 43 मिनिटांचा. नागपूर अडीचशेवर किलोमीटर, रस्ता चौपदरी. गाडी माझी, हप्ता माझा, स्टिअरिंग माझ्या हातात. काटा तेवढा तुमचा.

‘‘चाळीस. हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच.’’

चाळीस, बाबा! राष्ट्रीय महामार्ग 53 वर! राजनांदगावच्या अलीकडे पैरा (पेंढा) भरलेल्या ट्रॅक्टरनं आपल्याला मागून हॉर्न दिला. शेजारी येऊन त्याच्या ड्रायव्हरनं विचारलं, ‘‘का होगे दीदी, गाडी बिगड गे का?’’ देवरी ते साकोलीच्या जंगलपट्ट्यात ट्रकवाल्यांनी जे विचारलं, ते सासऱ्यांना लिहिता येण्यासारखं नाही. त्यात दर तासाला इंजिनाला विसावा. बॉनेट उघडून तुम्ही आत असं बघत होतात, जणू बाळंतिणीच्या खोलीत डोकावताय. तुमचे चिरंजीव मागच्या सीटवर झोपले होते. झोपेचं सोंग घेतलेला माणूस घोरत नाही, हे मला लग्नाला बारा वर्षं झाल्यावर कळतं.

चाळीसवर पाचवा गिअर टाकायला लावलात, पेट्रोल वाचेल म्हणून. चढ आला की गाडी धडधडायची आणि तुम्ही म्हणायचात, ‘‘बघ, नवी आहे, अजून खुलायची आहे.’’ ती खुलत नव्हती, बाबा. धापा टाकत होती.

आपण पोचलो एक वाजता. नवरानवरी पंगतीला बसली होती. उखाणेसुद्धा होऊन गेले होते. बहिणीनं हात धुता धुता विचारलं, ‘‘ताई, वाटेत काही झालं का गं?’’ काय सांगणार? काही झालं नाही, हेच तर झालं. इंजिनाच्या रिंगा बसायला हजार किलोमीटर असतात. अंतरपाट एकदाच पडतो.

मग जेवण सोडून गाडीची पुस्तिका वाचत बसले. तुम्हीच ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून कप्प्यात ठेवली होती, पोथीसारखी, म्हणजे न वाचण्यासाठी. तुमचं अर्धं खरं आहे, हे आधी कबूल करते. ‘‘आजकल रनिंग-इन कुछ नहीं होता मॅडम’’ म्हणणारा शोरूमचा मुलगा तुमच्याहून जास्त चुकला. पहिले हजार किलोमीटर जपायचंच आहे. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा नाही, सुरुवातीला करकचून ब्रेक मारायचे नाहीत, मागे काही ओढायचं नाही. आणि त्याच यादीत, त्याच अक्षरांत लिहिलंय: बराच वेळ एकाच वेगानं गाडी चालवू नये. वेग कमी असो की जास्त. वर्ज्य म्हणून जे लिहिलंय, ते आपण सव्वासहा तास निष्ठेनं केलं.

कारण साधं आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा मारलेल्या असतात. त्यांत तेल टिकतं, आणि त्यांच्या कडांवर घासून पिस्टनच्या रिंगा बसतात. रिंगांना भिंतीवर दाबून धरतो तो जळत्या वायूचा दाब. तो कधी वाढूच दिला नाही, तर रिंगा अर्धवट बसतात, भिंत गुळगुळीत चकाकते आणि गाडी पुढे तेल प्यायला लागते. म्हणून वेग खालीवर हवा, जोर मध्यम हवा. आता यंत्रंही इतकी नेमकी घासून येतात की तुमच्या काळातलं निम्मं काम कारखान्यातच उरकलेलं असतं.

हे सगळं तुम्हाला मांडवातच सुनवायचं, म्हणजे सुनावायचं होतं. चार माणसांदेखत. पण तुम्ही पार्किंगमध्ये रुमालानं ऑइलची डिपस्टिक पुसत होतात, आणि तेवढ्यात आईंनी मला स्कूटरची गोष्ट सांगितली.

नंबर लावल्यावर सहा वर्षांनी मिळालेली स्कूटर. तिसऱ्याच दिवशी मेहुण्यानं हौसेनं तिचा कान पिळला आणि रायपूरच्या वाटेवर कुम्हारीजवळ पिस्टन जाम झाला. मे महिना. तुम्ही स्कूटर ढकलताय, आणि मागून आई, कडेवर माझा नवरा. (तेव्हाही तो झोपलेलाच होता म्हणे.) तुम्ही मेहुण्याला शब्दानं बोलला नाहीत. नंतर वर्षभर चाळीसच्या वर गेला नाहीत.

आणि मग लक्षात आलं, तुमची तेहतीस वर्षं भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनवर गेली. ओव्हनच्या नव्या रांगेच्या सिलिका विटा तापवायला तुम्ही लोक दोन-दोन महिने घेता, दिवसाला मोजून काही अंश, कारण घाई केली तर वीट फुगून तडकते. एकदा तापली की मग वर्षानुवर्षं तिला थंड होऊ द्यायचं नाही. ज्यानं उमेदीची वर्षं असा जाळ सांभाळला, त्याला ‘नव्याला जपा’ याचा एकच अर्थ ठाऊक असणार. तुमची सावधगिरी खोटी नाही, बाबा. ती विटेची आहे, आणि तुम्ही ती माझ्या इंजिनाला लावताय. तुमच्याच कारखान्यात घडलेल्या रुळांवरून आगगाड्या ताशी 130 नं धावतात, हेही जरा आठवा.

राग गेलेला नाही. मंगलाष्टका व्हिडिओवर बघताना तर परत आला. पण गाडीचे हजारातले साडेचारशे किलोमीटर अजून उरलेत. येत्या रविवारी रायपूरला जाऊ. मी चालवीन, पन्नास, सत्तर, साठ, पुन्हा सत्तर. तुम्ही शेजारी बसून वहीत वेग लिहायचा, बोलायचं नाही. कुम्हारीला चहाला थांबू. बॉनेट बंद राहील.

आपली आज्ञाधारक (सत्तरपर्यंत),
सूनबाई

ता. क. सीटवरचं प्लास्टिक मी आज काढून टाकलं. त्यालाही रनिंग-इन लागतं, असं पुस्तिकेत कुठेही नाही.