पॅकिंगवाले मामा

प्रत्येक साखर कारखान्यात एक फिटरमामा असतात. कारखाना सहकारी असो की खासगी, चेअरमन कुठल्याही गटाचे असोत, मामा तेच. हजेरीपटावर त्यांचं खरं नाव असतं, पण ते पगाराच्या क्लार्कपलीकडे कुणाला ठाऊक नसतं. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत नगरपासून कोल्हापूरपर्यंत धुराडी उभी राहिली. तेव्हा सभासदांची जी पोरं आयटीआयचा कागद घेऊन, किंवा न घेताच, वर्कशॉपात शिरली, त्यांच्यातून ही जमात तयार झाली. निवृत्तीचं नारळ-शाल झालं तरी पुढच्या ऑफ-सीझनला मामा रोजंदारीवर हजर. घरच्यांचीही हरकत नसते. घरात मामांनी नळ उघडायला घेतला की दोन दिवस पाणी बंद असतं.

गळीत हंगामात मामा सहसा दिसत नाहीत. दिसले तर काहीतरी बंद पडलंय असं समजावं. त्यांचा खरा हंगाम ऑफ-सीझन. ऊसतोड टोळ्या गावाकडे गेल्या, बॉयलर थंड झाला की मामांच्या बाकावर एकेक पंप येऊन पडतो. मिलच्या गिअरबॉक्सला तेल पाजणारा, फर्नेस ऑइलचा, मळी ओढणारा. सगळे गिअर पंप. इतर पंपांना मामा हात लावत नाहीत असं नाही, पण जेवणाआधी लावत नाहीत.

सेंट्रिफ्युगल पंपाविषयी त्यांचं मत फारसं बरं नाही. त्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद केला तरी तो बिचारा आतल्या आत पाणी घुसळत बसतो, लगेच काही म्हणत नाही. गिअर पंप तसा सोशिक नाही. दातांच्या खाचेत जेवढं आलं तेवढं तो पुढे ढकलणारच. वाट अडवाल तर पाइप फाडेल, नाहीतर कपलिंग तोडेल. म्हणून तर त्याच्या बोकांडी रिलीफ व्हॉल्व्ह बसवावा लागतो. 'मानी हाय,' मामा म्हणतात, आणि हे सांगताना स्वतःची कॉलर नीट करतात.

नवा ट्रेनी इंजिनिअर आला की मामा त्याला उघडा पंप दाखवतात आणि अत्यंत नम्रपणे विचारतात, 'साहेब, तेल कुठनं जातं ओ ह्यात?' साहेब चोवीस वर्षांचे, डिग्री ताजी. ते दोन गिअर जिथे एकमेकांत गुंततात तिथे बोट ठेवतात : इथून, मधून. मामा लगेच काही बोलत नाहीत. हेल्परकडे बघतात, हेल्पर छताकडे बघतो. मग मामा म्हणतात, 'मधनं गेलं असतं तर दातं कशाला केली असती?' तेल जातं बाहेरून, दात आणि बॉडी यांच्या मधल्या खाचांतून वळसा घालून. मधे दात गुंततात ते तेल परत येऊ नये म्हणून. हे मामा समजावून सांगत नाहीत. दोन दिवस साहेबांना विचार करू देतात.

ग्रहांचे नियम मांडणाऱ्या योहानेस केप्लरनेही सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दोन दातेरी चाकांचा असा पंप आखला होता, हे मी एकदा मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. 'मग त्यानं ग्लँडचं काय केलं?' एवढंच विचारलं.

पण मामांचं खरं रूप बघायचं तर पंप परत जोडताना बघावं. त्यातही पॅकिंग कापताना. बॉडी आणि कव्हर यांच्यामधला तो कागद. बघणाऱ्याला वाटतं, तेल गळू नये म्हणून घालतात. गळू नये म्हणून तर आहेच, पण गिअरच्या तोंडाला आणि कव्हरला मधे किती फट राहायची, ते हा कागद ठरवतो. जाड घातला तर आतल्या आत तेल मागे पळतं, पंप फिरतो आणि प्रेशर चढत नाही. पातळ घातला तर गिअर कव्हरला घासून जाम होतात.

वर्कशॉपात पॅकिंगसाठी कधी काय वापरलं जाईल याचा नेम नाही. स्टोअरमधून शीट मागवायची तर इंडेंट, त्यावर तीन सह्या, आणि येते ती नेमकी नको त्या जाडीची. मग हेल्पर हाताला लागेल ते घेतो. लग्नसराईत हाताला लागतात पत्रिका. एका वर्षी तेलाच्या पंपाला प्रेशर येईना. मामांनी कव्हर खोललं आणि आतून 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' निघालं. मामांनी मायक्रोमीटर लावला : बारा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). वर्तमानपत्राचा कागद भरतो जेमतेम तीन थाउ. हिशेब सरळ होता. गिअरपेक्षा बॉडी मुळात एखाद थाउ खोल, म्हणजे चार थाउच्या जागी फट झाली तेरा. फट तिपटीहून जरा जास्त, पण अशा अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या हिशेबाने वाढते. फट दुप्पट तर गळती आठपट. इथे ती तीसपटीच्या वर गेली होती. मामांना घन वगैरे माहीत नाही. 'लगीन गोरजाचं व्हतं, पर पंपाला मुहूर्त लागला न्हाई,' म्हणाले आणि पत्रिका हेल्परच्या खिशात घातली.

मग त्यांनी शिळ्या वर्तमानपत्राचं पान घेतलं. जाहिरातीचं चकचकीत पान नाही, साधं. ते बॉडीच्या तोंडावर पसरलं आणि हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने हलकं टकटक करत गेले. कडेवर कागद आपोआप कापला जातो. बोल्टच्या भोकावर एकेक टोला, की टिकलीएवढा गोल तुकडा आत पडतो. तो प्रत्येक तुकडा मामा मोजून बाहेर काढतात. एक जरी आत राहिला तर रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. ना कात्री, ना मार्किंग. वर शेलॅकचा पातळ हात.

शेलॅकवरून साहेबांशी वाजतं. साहेब सिलिकॉनची ट्यूब आणतात आणि वाढदिवसाच्या केकवर नाव काढावं तशी जाड धार बॉडीवर फिरवतात. कव्हर दाबलं की निम्मं बाहेर येतं, ते पुसता येतं. निम्मं आत जातं, त्याचं काय? हवेतल्या दमटपणाने ते रबरासारखं घट्ट होतं आणि एक दिवस सुटून तेलाबरोबर फिरायला निघतं. या बाबतीत मी मामांच्या बाजूचा. पण मामा कारण सांगतील तर शपथ. 'आपल्या पंपाला सोसत न्हाई,' म्हणतात, जणू पंपाला डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलंय.

ऑइल सील बसवतानाही तेच. सीलची ओठासारखी पातळ कड तेलाच्या बाजूला, स्प्रिंग दिसते ती बाजू आत. शाफ्टच्या चावीच्या खाचेला धार असते, सील त्यावरून सरकवताना ती कड चिरली तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मामा खाचेवर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळतात, त्याला ग्रीस लावतात, सील पार झाला की पिशवी हळूच ओढून घेतात. या वेळी ते सगळ्यांना पाठ करून उभे राहतात. दुधाची पिशवी हे काय गुपित आहे? पण हेल्परला ते पाच वर्षांनी दाखवलं जातं.

बोल्ट आवळायचे ते समोरासमोरचे, आळीपाळीने, आणि दर थोड्या आवळणीला शाफ्ट हाताने फिरवून बघायचा. 'पंपाला इचारत इचारत आवळायचं.' एकदा मी कंपनीचं मॅन्युअल उघडून पाहिलं. तेच लिहिलं होतं : तिरपे बोल्ट आवळा, प्रत्येक टप्प्यावर शाफ्ट मोकळा फिरतो का पाहा, चालू करण्याआधी आत तेल भरा. मामांना दाखवलं तर चष्मा नसल्याचं कारण पुढे आलं. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, मामा अंदाजपंचे करतात. मामा आणि मॅन्युअल यांचं पूर्ण एकमत आहे, आणि ते मामा-साहेब दोघांनाही मान्य नाही.

राहिली ग्लँड, म्हणजे शाफ्ट बॉडीतून बाहेर येतो तिथली गळती अडवणारी जागा. मळीच्या पंपाला तिथे दोरी असते. शाफ्टएवढ्या गजावर गुंडाळून तिरपी कापलेली एकेक कडी, प्रत्येकीचा सांधा वेगळ्या बाजूला. वरून नट बेताने आवळायचा. बेताने म्हणजे थेंब थेंब गळेल इतका. तो थेंबच दोरीला ओलं ठेवतो. साहेबांना थेंब बघवत नाही. बॉयलर अग्निप्रदीपनाला संचालक मंडळ येणार, फरशी पुसलेली, आणि पंपाखाली मळीचं काळं थारोळं!

हंगाम सुरू होऊन आठवडा झाला की एका रात्रपाळीत ग्लँडमधून धूर निघतो. मामांना घरून आणायला जीप जाते. ते येतात, आधी चहा मागवतात, मग ग्लँडवर बॅटरी मारतात. नटाचे कोपरे झिजून गोल झालेले. कारखान्यातला कुठलाही फिटर ग्लँडला स्क्रू-पाना लावत नाही, रिंग पाना लावतो. स्क्रू-पाना एकट्या साहेबांच्या टेबलाच्या खणात असतो. तरी मामा पाळीतल्या एकेकाला समोर बोलावून विचारतात, 'कुणी आवळली रं?' हेल्परला, ऑइलमनला, वॉचमनलासुद्धा. साहेब बाजूला उभे राहून प्रत्येकाचं उत्तर लक्षपूर्वक ऐकतात. सगळ्यांचं झाल्यावर मामा म्हणतात, 'आसंल, दोरीच जुनी हुती,' आणि पॅकिंग हुक मागतात. सकाळी लॉगबुकात नोंद होते, 'दोरी जुनी झाल्याने बदलली.' खाली साहेबांची सही.