न हरवलेल्या सरोवराचा शोध

लोणार सरोवराचा शोध 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लावला, असे माहितीपुस्तिकांपासून स्पर्धापरीक्षांच्या गाइडांपर्यंत छापलेले आढळते. शोध लावायचा तर वस्तू आधी हरवलेली तरी हवी, नाहीतर दडलेली तरी. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा हरवण्याची सोय बुलढाणा जिल्ह्यात नाही. काठावरच्या गावाने त्यातला खार पिढ्यान्‌पिढ्या काढला, त्याला दल्ला, पपडी, भुसकी अशी प्रतवार नावे दिली, दैत्यसूदनाचे देऊळ बांधले, काठच्या झऱ्याच्या धारेखाली आंघोळी केल्या. साहेबांना वाट दाखवणारा कोणी असलाच, तर इतिहासाच्या लेखी तो फक्त वाटाड्या.

यावर कोणी म्हणेल, ठाऊक असणे वेगळे आणि लिहून ठेवणे वेगळे. ज्याची नोंद, त्याचा शोध. सातबाऱ्याच्या मुलखात हा मुद्दा वजनदार आहे. पण मग सोळाव्या शतकातल्या ‘आईन-ए-अकबरी’चे काय करायचे? अबुल फजलने लोणारचा खार, त्यापासून होणारी काच, साबण आणि सरकारला मिळणारा महसूल, सगळे लिहून ठेवले आहे. म्हणजे फेरफार अकबराच्या काळीच मंजूर झालेला. 1823 ची नोंद फार तर इंग्रजी नक्कल.

दुसरा आक्षेप अधिक खरा: मग लोणारकरांना सगळे आधीच कळले होते काय? मुळीच नाही. हा खड्डा लवणासुराच्या बिळाचा, असे पुराण सांगते. तो ज्वालामुखीचा, असे भूशास्त्रज्ञ दीर्घकाळ मानत होते. दोघेही आरोपी निर्दोष निघाले. विवरात खोदून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडले. ही काच प्रचंड आघातानेच तयार होते. फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1973 साली ‘सायन्स’मध्ये हा पुरावा मांडला आणि खरा आरोपी आभाळातून आला होता, हे पक्के झाले. सगळ्यांनी पाहिलेल्या खड्ड्यात कोणालाच न दिसलेले कारण दाखवणे, याला शोध म्हणतात. तोही संपलेला नाही: विवराचे वय आधी सुमारे 50 हजार वर्षे धरत, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-मापनाने ते 5 लाख 70 हजारांच्या घरात नेले.

तेव्हा अलेक्झांडरसाहेबांचा मान राखून मजकूर एवढाच ठेवावा: त्यांनी 1823 साली लोणार पाहिले. परीक्षेत गुण मात्र अजून जुन्याच उत्तराला मिळतात, हे उमेदवारांनी ध्यानात ठेवावे.