दहा बाय दहामधलं नादब्रह्म

प्रत्येक सोसायटीत एक तरी स्पीकरवाले काका असतात. ओळखायची खूण सोपी. गाणं सुरू झालं की इतरांच्या माना डोलतात, यांची मान नुसतीच कलते आणि नजर डाव्या स्पीकरवर खिळते. "काय गायल्यात हो किशोरीताई!" असं आपण म्हणावं, तर हे म्हणतात, "त्या गातातच. पण मागचा तानपुरा उजव्या खांद्याशी ऐकू आला का तुम्हाला?"

ही जात पन्नाशीनंतर बहरते. घराचं कर्ज फिटलेलं असतं, मुलगा शिकायला परदेशी गेलेला असतो आणि कोथरूडच्या फ्लॅटमधली त्याची दहा बाय दहाची खोली रिकामी पडलेली असते. काकूंच्या मनात तिथे शिलाई मशीन, काकांच्या मनात 'लिसनिंग रूम'. तह असा होतो की खोली काकांची, पण तिच्यातलं लोखंडी कपाट आणि कोपऱ्यातला छातीइतका गाद्या-गोधड्यांचा ढीग काकूंचा. त्या ढिगाकडे काका घरात घुसलेल्या भाडेकरूकडे पाहावं तसं पाहतात.

काकांना कशाची माहिती नाही असं समजू नका. बीबीसीनं १९७०च्या दशकात बाहेरच्या कार्यक्रमांच्या प्रक्षेपणासाठी, व्हॅनच्या अडचणीच्या जागेत मावेल असा एलएस ३/५ए नावाचा फूटभर उंचीचा स्पीकर कसा घडवला, हे ते तुम्हाला साग्रसंगीत सांगतील. लहान खोलीला लहान स्पीकर, हे तत्त्व कागदावर आकृती काढून पटवतील. तुम्ही पटून घरी जाल, आणि पुढच्या शनिवारी काका कमरेइतके उंच टॉवर स्पीकर लिफ्टमधून वर आणताना दिसतील.

"अहो, आधीचे छोटे काय वाईट होते?" काकू विचारतात.

"अगं, एकदाच काय ते चांगलं घ्यावं."

हे वाक्य त्या घरात प्रत्येक जोडीच्या वेळी उच्चारलं गेलं आहे. किंमत विचारली की काका एका स्पीकरची सांगतात. स्पीकर जोडीनं येतात हे काकूंनी विचारलेलं नसतं. काकूही जास्त विचारत नाहीत, कारण बँकेचा मेसेज त्यांच्याच फोनवर येतो.

मग खोली आपला हिसका दाखवते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर असलं की ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज त्यांच्यात अडकून घुमत राहतो. खोली चौरस, म्हणजे लांबीनं धरलेला सूर रुंदीही धरते. छत साडेनऊ फुटांवर, म्हणजे तेही जवळपास त्याच सुरात. काकांच्या टॉवरला हा खर्ज भरपूर काढता येतो, हेच त्यांच्या किमतीचं कारण. त्यामुळे डग्ग्यावर नुसता हात पडला की कपाटाचं हँडल साथीला बसतं आणि खालच्या मजल्यावरचे जोशी वर येऊन बेल वाजवतात.

"किती वॅटचे आहेत हो?" जोशी विचारतात. या प्रश्नानं काकांना जोशींच्या तक्रारीपेक्षा जास्त लागतं. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं चढतो, हे ते जोशींना दारातच समजावतात. जोशी पुढच्या वेळी बेल न वाजवता थेट सेक्रेटरींना फोन करतात.

मग उपाय सुरू होतात. काका खोलीच्या मधोमध उभे राहून टाळ्या वाजवतात आणि प्रतिध्वनी ऐकतात. आरती समजून शेजारच्या आजी एकदा प्रसाद मागायला आल्या होत्या. खुर्चीत बसून काका काकूंना भिंतीलगत आरसा सरकवायला लावतात. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज पहिल्यांदा उसळून कानाशी येतो. शास्त्र अगदी बरोबर आहे. फक्त तीस वर्षांच्या संसारात काकूंना आरसा दाखवायची ही पहिलीच वेळ, आणि त्यातही पाहायचा स्पीकर. स्पीकर इंच-इंच सरकवून फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा होतात. झाडूपोछ्याला येणाऱ्या मावशींना त्या ओलांडायची परवानगी नाही.

दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. त्रिकोणाला तिसरं टोक एकच, म्हणून खोलीत खुर्चीही एकच. दोघांनी मिळून गाणं ऐकायचं तर एकानं दुसऱ्याच्या मांडीवर बसणं हाच मार्ग, आणि तो गुडघ्यांच्या डॉक्टरांनी बंद केलेला आहे.

शेवटी टॉवर विकले जातात. गिऱ्हाईक दुसऱ्या सोसायटीतले स्पीकरवालेच असतात. या मंडळींत स्पीकर फिरतात, पैसे फिरतात, बाहेर काही जात नाही. बदल्यात काका एक छोटी जोडी आणतात. मागच्या बाजूचा ओरखडा पाहून काकू लगेच ओळखतात: चार वर्षांपूर्वी काकांनीच विकलेली, तीन घरं फिरून माहेरी आलेली.

जोडी लावतात आणि काका थक्क होतात. खर्ज घुमत नाही, कपाट गप्प, किशोरीताईंचा स्वर अगदी समोर. छोटे स्पीकर त्या ५६ हर्ट्झला फारसे डिवचत नाहीत आणि उसळणारा आवाज गाद्या-गोधड्या गिळतात, इतकं साधं कारण. पण फुकटचं कारण काकांच्या पचनी पडत नाही. "चार वर्षं वाजून मुरलेत!" ते लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखं सांगतात. आठवडाभर घरात शांतता नांदते. काका चक्क पूर्ण राग ऐकतात, मध्ये न उठता.

मग दसरा जवळ येतो. काकू सगळ्या गाद्या-गोधड्या गच्चीवर उन्हात टाकतात. संध्याकाळी काका खुर्चीत बसतात, गाणं लावतात, मान कलते, कपाळाला आठी पडते. आवाज कर्कश झालाय, भिंतींवर आपटतोय.

"अगं, उद्या जरा तपकीर गल्लीत जाऊन येतो," ते आतूनच ओरडतात. "केबल बदलायला झालीय."

काकू गच्चीवरून गोधड्या खाली आणतात. या वेळी त्या दिवाणात भरून ठेवतात, हॉलमधल्या.