टायगरमार्फत

आमच्या घरात कोणाचं तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. आईच्या मते दृष्ट लागते, नानांच्या मते माणूस शेफारतो. दोघांच्या संसारात हा एकच मुद्दा असा, की ज्यावर लग्नापासून एकमत आहे. त्यामुळे तो मोडायची आमची कोणाची छाती होत नाही.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. भरलेली गाडी आली की एक वजन, रिकामी होऊन निघाली की दुसरं, आणि वजाबाकी करून राहील तो निव्वळ ऊस. माणसंही ते याच काट्यावर घेतात. मी दहावीचा निकाल घेऊन आलो तेव्हा त्यांनी गुणपत्रिका वाचली, उलटून मागची कोरी बाजूही नीट पाहिली आणि म्हणाले, "बरं आहे." आमच्याकडे 'बरं' ही वरची श्रेणी. त्याखाली 'ठीक', त्याखाली 'हं', आणि अगदी तळाला "शेजारचा पोरगा काय करतो रे हल्ली?" हा प्रश्न. 'बरं'च्या वर मात्र एक पायरी आहे. तिथे बोलणं नसतं, न विचारता ताटात दुसरा लाडू पडतो. तो मला माझ्या लग्नात मिळाला. लाडू मुलीकडचे होते, हेही सांगितलं पाहिजे.

अशा या घरात टायगर आला तो माझ्या लेकीच्या दप्तरातून. ती तेव्हा कॉलेजात होती. नेवासा फाट्यावर एसटीची वाट बघताना तिला रसवंतीशेजारी चिपाडं चघळत बसलेलं एक पिल्लू दिसलं. ते घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली आणि आईने पदर सावरून दार अडवलं.

"कुत्रं घरात नको. माझं देवाधर्माचं काय?"

"आजी, तू देवगडला दर्शनाला जातेस ना? दत्ताच्या पायाशी काय असतं?"

"अगं, ते चार वेद आहेत."

"मग हा पाचवा समज."

"वेद चपला खातात होय?"

"पैठणला रेडा वेद बोलला, तो बरा चालतो तुला!"

"तो बोलला. याला बोलू दे, मग बघू."

पिल्लू भुंकलं. आईच्या हातात भाकरी होती, त्यामुळे भुंकण्याचा विषय अध्यात्म नसावा असा माझा अंदाज. पण ज्ञानेश्वरी ज्या आमच्या नेवाशात सांगितली गेली, तिथल्या बाईने मुक्या जिवाच्या वाचेवर शंका घ्यावी, हे आईलाच बरं दिसेना. तिने दार सोडलं. लेकीने नाव टायगर ठेवलं. आई त्याला 'टायर' म्हणते. तो दोन्ही हाकांना येतो, फक्त हाकेला भाकरी जोडलेली हवी.

घराची राखण करील, हा कुत्रा पाळण्यामागचा अधिकृत हेतू. ती राखण कशी चालते ते सांगतो. आमच्याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथे घरांना दारं न लावण्याची परंपरा, कारण राखणीला साक्षात शनिदेव. आमच्या घराला दार आहे, कडी आहे, कुलूप आहे आणि शिवाय टायगर आहे. अनोळखी माणूस आला की टायगर आधी त्याच्या पिशवीचा वास घेतो, मग पुढे होऊन त्याला स्वयंपाकघराची वाट दाखवतो. गॅसची टाकी आणणाऱ्याशी तर त्याचा इतका घरोबा, की तो आला नाही तर हाच अंगणात ताटकळतो.

आणि हे शौर्यसुद्धा दिवसाउजेडीचं. दिवस मावळला की टायगर आत येतो, तो दुधवाल्याची हाळी ऐकल्याशिवाय बाहेर पाय टाकत नाही. त्याला भित्रा म्हणायची मला मुभा नाही, कारण भीतीला आधार आहे. मुळा धरणाचं पाटपाणी आलं, ऊस वाढला आणि उसाच्या मागोमाग बिबट्या आला. वर्षभर उभ्या राहणाऱ्या दाट फडात त्याला आडोसा मिळतो, मादी तिथेच विते, आणि तोडणीच्या वेळी मजुरांना बछडी सापडतात. मग वनखात्याची माणसं ती उचलून नेण्याऐवजी जागच्या जागी ठेवून आई येण्याची वाट बघतात. आमच्याच प्रवरेच्या वरच्या अंगाला अकोले आहे. तिथल्या बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने त्यात कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. वजनाचा आकडा म्हटल्यावर नानांनी तो ताबडतोब मानला. तेव्हापासून रात्री राखण नाना करतात आणि राखणदार त्यांच्या कॉटखाली झोपतो.

या कुत्र्याचा खरा उपयोग निराळाच निघाला. लेकीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला तो दिवस. आई म्हणाली, "मोहिनीराजांनी राहूचं मुंडकं उडवलं, ते जिथं जाऊन पडलं तिथंच शिकायला जायचंय का?" ही आमच्या गावातल्या मोहिनीराजाची जुनी कथा. नानांनी प्रवेशाचा कागद वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "बरं आहे. एसटी सोयीची आहे." लेक "हो नाना" म्हणून आत गेली. तासाभराने मी ओट्याकडे निघालो होतो, तर बाहेरून नानांचा आवाज आला. हळू, पण सलग.

"ऐकलंस का टायगर? आपल्या घरातली शेतीची पहिली पदवी. तुझी ताई घेणार. तिचा पणजा सावकाराच्या वहीत अंगठा उठवायचा. आणि ही मातीचं परीक्षण करणार. गणित बघ तिचं! माझ्यासारखं आहे. या बापासारखं नाही."

शेवटचं वाक्य सोडलं तर भाषण उत्तम होतं. टायगरने पूर्ण ऐकून घेतलं, कारण नाना मधूनमधून त्याला शेंगदाणे देत होते. दाराआड लेकही उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

त्या दिवसापासून घरातली सगळी वाहतूक टायगरमार्फत सुरू झाली. आई आणि माझी बायको या दोघींनी तर तो मार्ग राजरस्ता करून टाकला. बायकोने हुलग्याची शेंगोळी केली, की आई वाटीतलं एक टायगरपुढे टाकून म्हणते, "खा रे टायर, नशीब लागतं असं खायला. हाताला चव आहे तुझ्या मालकिणीच्या." मालकीण चार फुटांवर भांडी विसळत असते. ती न वळता म्हणते, "टायगर, सांग त्यांना, शिकवणारीचा हात चांगला होता." कौतुकाबरोबर तक्रारीही याच रस्त्याने जाऊ लागल्या. "टायर, कोणीतरी लसणाची चटणी संपवली, पण बरणी तशीच ठेवली हो." अशा वेळी टायगर माझ्याकडे बघतो. चटणी मीच संपवलेली असते.

यात आईच्या दृष्टीने एक मोठी सोय आहे. कौतुक कुत्र्याला सांगितलं, की दृष्ट लागायची तर कुत्र्याला लागणार. म्हणून ती अमावस्येला मीठ-मोहऱ्या घेऊन टायगरवरून उतरते. ज्याने आयुष्यात एक उंदीरही धरला नाही, त्याच्यावर लोकांची नजर आहे म्हणे!

लेक वसतिगृहात गेल्यावर तर टायगरशिवाय कोणाचं पानच हलेना. राहुरी काही विलायत नव्हे, सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी जेवायला येतो. पण रात्री व्हिडिओ कॉल लागला की नाना फोन टायगरच्या नाकाशी धरतात आणि बाजूने बोलत राहतात. "तुझ्याशिवाय जेवत नाही गं हा. दिवसभर दाराकडे बघत बसतो." लेकीला पडद्यावर दिसतं ते भरल्या पोटाने घोरणारं एक काळं नाक. मागून आई सांगते, "त्याला काळजी वाटते, रात्री जागरण करू नकोस म्हणावं." न जेवणाऱ्या या टायगरची भाकरी वजन वाढलंय म्हणून पशुवैद्यांनी निम्मी केली आहे. दिवसभर दाराकडे नानाच बघतात, हे तिला मी सांगितलेलं नाही. तिला ते ठाऊक आहे, आणि तरी ती रोज विचारते, "टायगर कसा आहे?"

गंमत ही, की गावाचं कौतुक करताना याच नानांना कसला संकोच नसतो. पाहुणा आला की ते त्याला आधी पैस खांबापाशी नेतात. इथेच टेकून माउलींनी गीता मराठीत सांगितली, शके १२१२, म्हणजे १२९०, लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा, हे सगळं ते अशा थाटात सांगतात की शाईची दौत आमच्याकडून गेली होती असं पाहुण्याला वाटावं. तिथून मोहिनीराजाचं देऊळ, आणि मग प्रवरेकाठचं लाडमोड टेकाड. १९५४ पासून तिथे डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. त्या लोकांत मूल गेलं तर दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. अशा एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांबं तेव्हा कुठे रस्त्यावर पडलेलं नव्हतं.

एकदा ही माळ पाहुण्याला सांगता सांगता नाना थांबले, आणि पायाशी बसलेल्या टायगरला म्हणाले, "बोलता येत नसेल रे त्यांनाही." पाहुण्याला काही कळलं नाही. मला दुसरा लाडू आठवला.

परवा दिवाळीला लेक घरी आली. वसतिगृहात राहून पोरं काय काय शिकतात! जेवणं झाली, आणि ती सरळ नानांसमोर बसून म्हणाली, "नाना, माझ्या वर्गात सगळ्यांना मी तुमच्याबद्दल सांगते. इतक्या वर्षांत काट्यावर एक किलो इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मला फार अभिमान वाटतो तुमचा."

घरात असं काही आजवर झालेलं नव्हतं. बायकोच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. नानांनी आधी छताकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग मदतीसाठी खाली. टायगर झोपला होता. त्यांनी त्याला पायाने हलवलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "टायगर, हिला म्हणावं, पुरे."

तोवर आई स्वयंपाकघरात पोचली होती. एवढं कौतुक, तेही तोंडावर, तेही तिन्हीसांज टळून गेल्यावर! ती मूठभर मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन आली, नातीवरून उतरल्या, नानांवरून उतरल्या, उरलेला हिशेब म्हणून माझ्यावरूनही, आणि सगळं निखाऱ्यावर टाकलं. दृष्ट किती होती ते ठसक्यावरून कळतं म्हणतात. आम्ही सगळे खोकत, डोळे पुसत उभे राहिलो. टायगर उठला, दोनदा शिंकला, आणि बिबट्या गेला खड्ड्यात अशा निर्धाराने दार ढकलून काळोखात अंगणात जाऊन बसला.

नानांनी डोळे पुसले. मिरचीचेच असतील. मग लेकीकडे वळले आणि इकडेतिकडे न बघता, थेट तिच्या तोंडावर म्हणाले, "कुत्रा मात्र शूर आणलास हो."