गळतीनाना

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात. यजमान 'या, बसा' म्हणेपर्यंत हॉलच्या छताचे चारही कोपरे तपासून झालेले असतात. पुतणीच्या होणाऱ्या सासरचं घर बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी घेऊन ते सरळ पॅसेजमध्ये शिरले आणि परत येऊन भावाच्या कानात म्हणाले, "मुलगा उत्तम आहे. पण वरच्यांचं बाथरूम पाझरतंय. विचार कर."

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत नाना ३०२मध्ये राहतात. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. त्यामुळे जेवढं पाणी सोडलं तेवढं कधीच पोचत नाही, यावर त्यांची श्रद्धा आहे. खिशात एक रुपयाचं नाणं कायम असतं. बाथरूमच्या टाइलवर ते नाणं वाजवतात. खणखणीत आवाज आला तर पुढची टाइल, बद्द आवाज आला की डोळे मिटून म्हणतात, "पोकळ आहे. पाणी इथेच दबा धरून बसलंय."

'थोडंसं ठिबकतंय' हे दोन शब्द त्यांच्यासमोर चुकूनही उच्चारू नयेत. "सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४००. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरा. साडेएकवीस लिटर! रोज एक भरली बादली गटारात ओतताय तुम्ही." डॉक्टर लोक वीस थेंबांचा मिलिलिटर धरतात, असं ४०१मधल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा सुचवून पाहिलं. "तो औषधाचा थेंब. नळाचा थेंब खाऊनपिऊन सुखी असतो," नाना म्हणाले. त्यांनी खोकल्याच्या औषधाचं झाकण नळाखाली धरून थेंब मोजलेले होते.

अशा माणसाला सॅन होजेच्या मुलाने फोनवर सांगितलं की त्याच्या घरी आता गळती ओळखून आपोआप पाणी बंद करणारं यंत्र बसवलंय. तिकडे घरं लाकडी सांगाड्याची. भिंतीत पाणी मुरलं की भिंतच कापून काढावी लागते, म्हणून असं यंत्र बसवणाऱ्याला काही विमा कंपन्या हप्त्यात सूटही देतात. नानांनी त्याच संध्याकाळी दोनशेपानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि विक्रेत्यांना एकेक करून बोलावणं धाडलं.

पहिल्या मुलाने साबणाच्या वडीएवढा सेन्सर जमिनीवर ठेवला. खाली धातूची दोन टोकं. दोन्हींना पाणी लागलं की सर्किट पूर्ण होतं आणि भोंगा वाजतो. त्याने वाटीभर पाणी ओतलं. भोंगा असा वाजला की वॉचमन धावत वर आला. नाना शांत. "म्हणजे हा पाणी सांडल्यावर ओरडणार. सांडल्यावर तर खालचे २०२वाले पण ओरडतात, आणि तेही फुकट."

दुसऱ्याचं यंत्र थेट पाइपवर बसणारं. पाणी किती वाहतंय ते मोजायचं, घराच्या सवयी शिकायच्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ सलग धार चालली की मोटरने वॉल्व्ह पाव फेरा फिरवून पाणी तोडायचं. रात्री सगळे झोपले की स्वतःच वॉल्व्ह लावून पाइपातला दाब उतरतो का तेही पाहायचं. नाना क्षणभर भारावले. मग प्रश्न सुरू झाले.

"आमचे जावई तासभर अंघोळ करतात. अंगाला साबण असताना यंत्राला संशय आला तर?"

"मर्यादा वाढवता येते, सर."

"म्हणजे पाइप फुटला तरी जावयांएवढी सवलत. बरं, लाइट गेली तर वॉल्व्ह उघडा राहणार का बंद?"

"आहे तसाच राहतो, सर. बॅटरी वेगळी घ्यावी लागते."

"टँकरच्या पाण्याचा क्षार चढून अडकला तर?"

"महिन्यातून एकदा फिरवायचा, सर. हाताने फिरवायलाही दांडी आहे."

"डक्टमध्ये वायफाय येतं?"

मुलगा डक्ट बघायला गेला आणि कबुतरांसकट मोठा शोध घेऊन परतला. सॅन होजेच्या घरात पाणी एकाच मेन पाइपने शिरतं. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून उभे पाइप उतरतात: एक स्वयंपाकघराला, दोन बाथरूमना, एक फ्लशला. यंत्रं चार लागणार. नानांनी वहीत किमतीच्या रकान्यापुढे 'गुणिले ४' लिहिलं आणि वहिनींनी चहाचे कप उचलले.

एवढ्यात २०२च्या छतावर पोपडे धरले. नानांनी रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग बादलीत कालवला, आपल्याच बाथरूमच्या नहाणीत ओतला आणि वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी २०२वाल्यांचं छत गुलाबी झालं. म्हणजे येणारं पाणी निर्दोष, गळत होतं ते जाणारं! नहाणीच्या ट्रॅपचा सांधा सुटलेला, खालचं वॉटरप्रूफिंग संपलेलं. येणाऱ्या पाइपवर दहा वॉल्व्ह बसवले असते तरी हे एकालाही कळलं नसतं. तिथे फरशीच उकरावी लागते.

नानांना कोण आनंद झाला! "निदान अचूक निघालं," असं म्हणून त्यांनी २०२वाल्यांचा हात हातात घेतला. दुरुस्ती कधी करताय, असं त्या गृहस्थांनी विचारलं. नाना म्हणाले, विषय कमिटीपुढे यायला हवा. कमिटीने आदर्श उपविधी उघडून दाखवले: गच्चीतून, बाहेरच्या सामाईक पाइपातून गळलं तर खर्च सोसायटीचा, आपल्या बाथरूमच्या आतून गळलं तर ज्याचा त्याचा. हे उपविधी दरवर्षी सर्वसाधारण सभेत आम्हाला वाचून दाखवणारे नानाच. सोसायटीत एकाचं छत ती दुसऱ्याची फरशी असते. पण माणूस छतासाठी भांडतो आणि फरशीवर सतरंजी टाकतो.

नहाणी अजून उकरलेली नाही. पावसाळ्यानंतर बघू, असं ठरलंय. यंत्राचा निर्णय मात्र झाला. नानांनी शेवटी भोंगेवाले चार सेन्सर घेतले, वायफायचे. सगळे बसवले ४०२मध्ये, कारण नानांच्या डोक्यावर तेच. ४०२च्या वहिनींनी भिडेखातर होकार दिला. आता त्यांच्या कामवालीने फरशी पुसायला घेतली की नानांचा फोन वाजतो आणि दोन मिनिटांत नाणं घेऊन नाना दारात हजर. परवा ती बाई वैतागून म्हणाली, "वहिनी, पोछा कोरडाच मारू का? नाहीतर त्यांचाही चहा टाका."