बिनपगारी, फुल अधिकारी

बायोडेटात ‘इव्हेंट मॅनेजमेंटचा अनुभव’ असं लिहिणारा प्रत्येक मुलगा गॅदरिंगच्या दिवशी मंडपवाल्याशी खुर्च्यांवरून भांडलेला असतो, हे मी पैजेवर सांगतो. मंडपवाला म्हणतो, दोनशे टाकल्या. आपण मोजतो, तर कमी भरतात. तो म्हणतो, पुन्हा मोजा. तोवर पहिल्या दोन रांगांत थर्ड इयरची पोरं पाय पसरून बसलेली असतात, आणि बसलेल्या थर्ड इयरला उठवून खुर्ची मोजण्याची हिंमत मंडपवाल्यातही नसते, आपल्यातही नसते. मग दोनशेच्या पावतीवर मुकाट्यानं सही होते.

माझं कॉलेज पुण्यातलं. या शहरानं तास बुडवण्यालाही परंपरा मिळवून दिली आहे. पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून सुरू आहे, त्यामुळे ‘सर, तालमीला होतो’ म्हटलं की सर स्वतःच्या तालमींच्या गोष्टी सांगू लागतात आणि हजेरीचा विषय मागे पडतो. घरी मात्र ही सोय नव्हती. ‘नाटकानं पोट भरतं का?’ असं बाबांनी विचारल्यावर मी डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे ही दोन नावं पुढे केली. दोघंही बी. जे. मेडिकलचे, दोघंही १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मधले, एक दिग्दर्शक, दुसरे थेट नाना फडणवीस. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अगदी बरोबर. तूही आधी डॉक्टर हो.’ मी कॉमर्सला होतो.

एकांकिकेत माझ्याकडे बॅकस्टेज आलं. तिथे एक गोष्ट लवकर कळली. दिग्दर्शकाला सगळे अधिकार असतात, फक्त कुणाला काढून टाकण्याचा नसतो. प्रकाशयोजनावाल्याला काढलं तर त्याची बाइक जाते, आणि त्या बाइकवरून येणारं निम्मं नेपथ्यही जातं. पगार कुणालाच नाही, तेव्हा कापणार काय? राज्य चालायचं ते चहा, वडापाव आणि ‘तुझ्याशिवाय होणार नाही रे’ या एका वाक्यावर. प्रयोग तोंडावर आलेला असताना आमचा नायक रुसला. पोस्टरवर त्याचं नाव नायिकेच्या नावाखाली आलं होतं. फोन उचलेना, मेसेज वाचून उत्तर देईना. दिग्दर्शकानं ‘तू बघ’ म्हणून काम माझ्यावर ढकललं. मी त्याच्या आईला फोन केला. संध्याकाळी नायक तालमीला हजर होता, येताना सगळ्यांसाठी चिवडाही घेऊन.

पैसे जमवण्याचं कामही असंच. एका क्लासवाल्या सरांना मी म्हटलं, ‘सर, स्टेजवर तुमचा बॅनर लावू.’ ते म्हणाले, ‘मागच्या वर्षी लावला होतात. त्याच्यापुढे पडदा होता.’ मी म्हटलं, ‘यंदा बॅनर पडद्याच्या पुढे.’ मी मागितले त्याच्या निम्मे पैसे त्यांनी दिले आणि वर क्लासच्या पत्रकांचा गठ्ठा वाटायला दिला.

एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, तर गाठ अख्ख्या गावाशी. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. मला वाटलं होतं, कष्ट खणण्यात असतील. पण शोषखड्डा कुठे घ्यायचा, हे ठरेपर्यंत कुदळीला हातच लागला नाही. वरची आळी म्हणे, पाणी खाली जातं, खड्डा खाली घ्या. खालची आळी म्हणे, पाणी वरून येतं, वर घ्या. भूगोल दोघांचाही बरोबर होता. शेवटी एका आजींनी तंबाखू मळत, कुणाला न विचारता, काठीनं जागा दाखवली, आणि दोन्ही आळ्या गप्प झाल्या. आजींकडे कुठलंही पद नव्हतं. त्या सगळ्यांच्या बारशांना गेलेल्या होत्या, एवढंच.

नंतर नोकरीत माझ्या हाताखाली पगारी माणसं आली आणि काम इतकं सोपं असतं याचं नवल वाटलं. इथला रुसवा फार तर एक तारखेपर्यंत टिकतो. अडचण अप्रेझलला येते. पुरुषोत्तमच्या परीक्षकांना २०२२ साली एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची वाटली नाही, तर त्यांनी करंडक कुणालाच दिला नाही आणि तसं तोंडावर सांगितलं. आम्ही ‘यंदा बजेट नाही’ म्हणतो आणि वर केक कापतो. एवढं होऊनही माणूस रुसला, पद आणि ईमेल दोन्ही चालेनासे झाले, की मी चहा मागवतो, त्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि कॉलेजातलं ते वाक्य काढतो. बहुतेक वेळा भागतं.

कॅम्पस इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं, ‘टीममधला माणूस ऐकत नसेल तर काय कराल?’ मी नायकाच्या आईची गोष्ट सांगितली. सगळे हसले. त्यातले एक साहेब म्हणाले, ‘इथे असं चालत नाही.’ पण रुजू होताना जो फॉर्म भरून घेतला, त्यात ‘आणीबाणीत संपर्क’ असा रकाना होता. माझ्या टीममधल्या बहुतेकांनी तिथे आईचा नंबर दिलाय. अजून एकदाही लावलेला नाही, पण तो माझ्याकडे आहे हे टीमला माहीत आहे.