मूळ गाव कुठलं रुपयाचं?

मराठी माणसाचं समोरच्याच्या नुसत्या नावानं समाधान होत नाही. आडनाव कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे मूळचे कुठले?’ सातारा म्हणावं तर ‘साताऱ्यात कुठं?’ आणि तिथून तालुका, वाडी करत स्वारी थेट पाणवठ्यापर्यंत जाते. माणसांच्या बाबतीत ही चौकशी मी सोडून दिली आहे, कारण हल्ली लोक चिडतात. चांदीची नाणी चिडत नाहीत. त्यांना भिंगाखाली धरून कितीही वेळ विचारा, सालाच्या खाली बारीकशी खूण दाखवून ती आपली टांकसाळ सांगतात.

आपल्याकडच्या खुणा शिकायला तशा सोप्या. मुंबईचा चौकटच्या आकाराचा ठिपका, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका. आणि कोलकात्याची खूण म्हणजे काहीच नाही. इथं या छंदाचं खरं शिक्षण सुरू होतं. जिथं काही नाही तिथं काही नाही याची खात्री करण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत. त्यात मुंबईचं नाणं खिशाखिशांतून फिरलं, की चौकटचे कोपरे झिजतात आणि ते नोएडाचं दिसायला लागतं. तेच आणखी झिजलं तर कोलकात्याचं. एकाच जन्मात तीन गावांचं रहिवासी होण्याची सोय सरकारनं फक्त नाण्यांना दिली आहे.

म्हणून शहाणा संग्राहक प्रूफ नाण्यांकडे वळतो. ही व्यवहारासाठी नसतातच. आरशासारख्या घासलेल्या ठशांनी, खास चकाकवलेल्या चकतीवर एकाहून अधिक वेळा दाब देऊन ती पाडतात. मोकळी जागा लख्ख आणि चित्र दुधाळ, असा थाट. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर ठिपक्याऐवजी अक्षर असतं. आधी ‘बी’, आणि शहराचं नाव बदलल्यावर ‘एम’. फोर्टातली ती टांकसाळ जॉन हॉकिन्सनं 1820च्या दशकात बांधली. एवढ्या जुन्या संस्थेनं पत्ता न हलवता नुसतं आद्याक्षर बदलावं, हे मला फार मुंबईकर वाटतं.

माझ्याकडचा मानकरी म्हणजे गांधी जन्मशताब्दीचा, 1969 सालचा दहाचा रुपया. पंधरा ग्रॅम वजन, ऐंशी टक्के चांदी, आणि खाली इवलासा ‘बी’. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या महात्म्याच्या या नाण्याला बोट लावायचं नसतं. बोटाचा घाम लागला की ठसा उमटतो आणि तो जन्मभर जात नाही. धरायचं तर कडेनं, हातमोजे घालून, खाली मऊ कापड पसरून. मी हे सगळं करत असताना आईनं एकदा बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “अरे, तू लहान असताना तुलासुद्धा कुणी असं धरलं नव्हतं.”

आईच्या लेखी चांदी ही घासण्याची वस्तू आहे. निरांजन, अत्तरदाणी, कुंकवाचा करंडा, सगळं दिवाळीच्या आधी टूथपेस्टनं निघतं. संग्राहकांच्या जगात याला खुनाच्या खालोखाल मानतात. जुन्या चांदीवर निळसर-तपकिरी छटा चढते, तिचे लोक जास्त पैसे मोजतात. “म्हणजे काळं पडलं की महाग?” आईनं विचारलं. हो म्हटल्यावर तिनं स्वयंपाकघरातल्या पातेल्यांकडे नव्या आदरानं पाहिलं.

न्यू जर्सीच्या मामेभावानं मात्र मला खऱ्या संकटात टाकलं. त्यानं अमेरिकेचे चांदीचे ईगल आणले, एकेक ट्रॉय औंसाचे. हे नाणं 1986 मध्ये सुरू झालं. प्रूफ ईगलचं कूळ सरळ आहे. सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोचा ‘एस’, 1993 पासून फिलाडेल्फियाचा ‘पी’, 2001 पासून वेस्ट पॉइंटचा ‘डब्ल्यू’. पण नुसत्या गुंतवणुकीसाठी पाडलेल्या साध्या ईगलवर खूणच नसते. मग 2015 सालचे सुमारे ऐंशी हजार ईगल फिलाडेल्फियात पाडले गेले, हे उघड झालं. कशावरून? तर पाचशे नाणी भरलेल्या सीलबंद खोक्यांच्या क्रमांकांवरून. खोकं फोडलं की पुरावा संपला. आत्तापर्यंत मी नाण्याला विचारत होतो, आता खोक्याला विचारायची पाळी आली. भावानं नाणी सुटी, रुमालात बांधून आणली होती. मी रुमालाचाही क्रमांक पाहिला.

मनाला उभारी यावी म्हणून ही सगळी मंडळी घेऊन आमच्या सराफांकडे गेलो. त्यांनी भिंगाला हात लावला नाही, सरळ काट्यावर टाकली. पंचम जॉर्जच्या रुपयावर ते खूष झाले. 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर तोळा, आणि जवळजवळ ब्याण्णव टक्के चांदी. मी त्यांना मुंबईचा उठावाचा ठिपका दाखवला. ते म्हणाले, “ठिपक्याचं वजन धरलंय त्यात.” मग मी सरकारनं काढलेला शंभराचा स्मारक रुपया पुढं केला. पस्तीस ग्रॅमचा, त्यात निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. सराफांनी तो हळूच माझ्याकडे सरकवला. “तांब्याभांड्यांचं दुकान पलीकडं आहे.”

लक्ष्मीपूजनाला बायकोनं घोषणा केली की घरात चांदीचं नाणं असताना ताटात सुपारी मांडायची नाही. गांधींचा रुपया पंचामृतात बुडणार या कल्पनेनं माझ्या पोटात गोळा आला. बरीच बोलणी होऊन तह झाला. नाणं डबीतच राहील, आणि पूजा डबीची होईल. डबीवर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आत महात्मा कोरडे राहिले.

पुढं नाण्यांच्या प्रदर्शनात मी तीच डबी एका व्यापाऱ्यापुढं उघडली. त्यानं भिंगातून ‘बी’ पाहिला, आरसा पाहिला, मान डोलावली. नाणं निर्दोष होतं. मग त्यानं डबी उलटसुलट केली आणि चेहरा पाडला. मूळ डबीला डाग असेल तर भाव उतरतो, हे कलम मला ठाऊकच नव्हतं.

“साहेब, हे लाल काय सांडलंय?”

“सांडलेलं नाही,” मी म्हणालो, “ते लक्ष्मीचं कुंकू आहे.”

त्यानं डबी मिटून माझ्या हातात ठेवली.

“मग गिऱ्हाईकही तिलाच करा.”